घर की पाळणाघर : वादातून निसटलेली थोरली बहीण

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

यंदा आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाने ठेवलेला विषय बहुतेक वाचकांच्या स्मरणात असेल. 'लहान मुलांच्या वाढीसाठी पाळणाघरापेक्षा घरच श्रेयस्कर' असा तो विषय. मी विषयाच्या बाजूने बोललो. आईची कूस, घराची ऊब, पाळणाघरातल्या परक्या हातांचा कोरडेपणा असे शब्द वापरले. टाळ्या मिळाल्या, दुसरे बक्षीसही मिळाले. बक्षिसाचे पुस्तक घेऊन घरी गेलो तेव्हा माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, माहेरी आलेली होती. विषय काय होता, असे तिने विचारले. मी सांगितला आणि भाषणातला बराचसा भाग म्हणूनही दाखवला. तिने मुकाट्याने ऐकून घेतले. मग म्हणाली, "चांगलं बोललास. पण तुला कुणी सांभाळलं ते त्यात कुठं आलंच नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, परंतु ते वाक्य माझ्या मनातून जाईना. समाजशास्त्राच्या मॅडमना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आता नीट अभ्यास कर आणि लिही." प्रस्तुत लेख त्या अभ्यासातून झाला आहे. मी या विषयाचा जाणकार नाही. ग्रंथालयात जेवढे वाचता आले आणि घरात जेवढे पाहिले त्यावरून एवढेच सांगावयाचे आहे, की या वादाच्या दोन बाजू मांडताना आपण तिसरी बाजू विसरतो. आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात प्रश्न सुटत आला आहे तो नेमका त्या तिसऱ्या बाजूच्या जिवावर.

वादाच्या दोन बाजू

प्रथम दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडक्यात पाहू. घराच्या बाजूने बोलणारे बहुधा जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाचा आधार घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात हजारो मुले आईबापांपासून तुटून संस्थांत वाढत होती. अशा मुलांविषयी बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला, तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलाला एका माणसाचा जिव्हाळ्याचा, सलग सहवास लाभला नाही तर त्याच्या मनाची वाढ खुंटते, असा त्याचा सारांश.  मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, ज्या मुलांवरून हा निष्कर्ष काढला ती कायमची आईवेगळी झालेली होती. सकाळी पाळणाघरात जाऊन संध्याकाळी आईच्या कुशीत परतणारी नव्हती. दुसरी, आई नसेल तर आईच्या जागी कायम राहणारे दुसरे माणूसही चालेल, असे बोल्बी यांनी स्वतःच म्हटले होते. माझ्या भाषणात मी या दोन्ही गोष्टी गाळल्या होत्या. खरे सांगायचे तर तेव्हा मला त्या ठाऊकच नव्हत्या.

पाळणाघराच्या बाजूने बोलणारे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीकडे बोट दाखवतात. १९९१ मध्ये तिथे सरकारी संस्थेच्या मदतीने दहा ठिकाणची तेराशेहून अधिक मुले जन्मापासून निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. यातून निघालेले निष्कर्ष दोन्ही पक्षांना थोडे गोड आणि थोडे कडू आहेत. चांगल्या पाळणाघरात राहिलेल्या मुलांची भाषा व आकलन काहीसे सरस आढळले. फार तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्टीपणा व भांडखोरपणा काहीसा अधिक आढळला. परंतु या दोन्हींहून मोठा परिणाम घराचा दिसला. आईचे मुलाशी वागणे कसे आहे, तिचे शिक्षण किती, घरची मिळकत किती, यावर पुष्कळ काही अवलंबून होते. पाळणाघर चांगले की वाईट हेही ठरले ते एका बाईकडे किती मुले आहेत आणि ती त्यांच्याशी बोलते कशी, यावर. म्हणजे 'घर की पाळणाघर' या प्रश्नाला 'कसले घर आणि कसले पाळणाघर' असेच उलट विचारावे लागते.

हा वाद राजकारणातही गाजलेला आहे. अमेरिकेच्या संसदेने देशभर बालसंगोपन केंद्रे काढण्याचा कायदा संमत केला, तेव्हा डिसेंबर १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला. मुलांना सामुदायिक पद्धतीने वाढवल्याने कुटुंबसंस्था दुबळी होईल, हे त्यांनी दिलेले एक कारण होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, स्वीडनने मूल झाल्यावर मिळणारी पगारी रजा आईबरोबर बापालाही खुली केली. एका देशाला वाटले की सरकारने घरात डोकावू नये. दुसऱ्याला वाटले की मूल हे एकट्या आईचे काम नव्हे. दोन्हीकडे बोलणे चालले होते ते आईबापांविषयीच.

'घरी' म्हणजे नेमके काय?

आता सोलापुरातील आमच्या घराकडे वळतो. माझी आई घरीच असते. शिरगणतीवाल्यांनी विचारले तर शेजारीपाजारी हेच सांगतील. ती विड्या वळते. रात्री पाने भिजत घालायची, सकाळी कात्रीने मापात कापायची, मग मांडीवर सूप घेऊन पानात तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. मजुरी हजारावर. शंभर कमी भरल्या तर तेवढी मजुरी कमी. तयार विड्या कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायच्या, तिथे रांगेत बसायचे, वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान सोसायचे आणि दुसऱ्या दिवसाची पाने-तंबाखू घेऊन परत यायचे. वडील यंत्रमागावर. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची.

माझी आई घरी होती, पण माझ्याकडे नव्हती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती झोके देत असे आणि हात विड्यांवर चालत असत. रांगू लागल्यावर मी सुपाकडे झेपावू नये म्हणून मला दूर ठेवणे हाच मोठा उद्योग होता. तंबाखूची धूळ सगळ्या खोलीत. भाषणातली माझी 'घराची ऊब' ती हीच.

कायद्यानेही या घराकडे चमत्कारिक रीतीने पाहिले. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून मान्यता होती, ही मोठीच गोष्ट. त्याच कायद्यात ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली ठेवण्याचे बंधन होते. पण हे बंधन औद्योगिक जागेला; आणि औद्योगिक जागेच्या व्याख्येतून राहते घर वगळलेले होते. म्हणजे बाई कामगार, पण तिची जागा कारखाना नव्हे. काम घरात आले आणि पाळणाघर कागदावरच्या कारखान्यात राहिले. १९४८ च्या कारखाने कायद्यातील पाळणाघराची तरतूदही अशीच स्त्री कामगारांच्या संख्येवर बांधलेली होती. २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले. पण पन्नासाचा हिशेब राहिलाच. एका खोलीत एकटी बसून विड्या वळणारी बाई पन्नास कधी होणार?

तिसरे माणूस

माझा जन्म २००६ चा. तेव्हा अक्का आठ वर्षांची, तिसरीत. सव्वा महिना झाल्यावर आई पुन्हा सुपावर बसली. सकाळी ती विड्या द्यायला जाई ती दुपारपर्यंत येत नसे, आणि अक्काची शाळा सकाळचीच. पहिल्यांदा आठवड्यातून एक-दोन दिवस बुडाले. मग तीन-चार. तिसरी तिने कशीबशी पुरी केली. चौथीत तिचे नाव पटावर राहिले. ती राहिली नाही. मी चालू लागलो तेव्हा ती सुटेल असे घरात म्हणत असत, पण तोवर तिला विड्या वळता येऊ लागल्या होत्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. अक्काहून एकच वर्षाने धाकटा असा मला एक भाऊ आहे. तो शाळेत जातच राहिला. त्याला घरी ठेवावे, असे आईवडिलांच्याच काय, शेजाऱ्यांच्याही मनात आले नाही. आईला मी हे अलीकडे विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरगा कुठं तान्हं पोर सांभाळतो का रे?" आईला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तिलाही तिच्या लहानपणी असेच शाळेतून काढले होते.

तेव्हा बोल्बी यांनी सांगितलेले 'आईच्या जागी कायम राहणारे माणूस' मला लाभले होते. फक्त ते आठ वर्षांचे होते आणि त्या माणसाची शाळा सुटली होती. माझ्या वाढीचा विचार केला तर घर श्रेयस्कर ठरले असेल. अक्काच्या वाढीचा विचार मात्र त्या विषयात बसतच नाही.

हे आमच्या एकट्या घराचे नाही आणि आजचेही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका कामाला जात, तेव्हा घरी सांभाळायला कोणी नसले की तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवीत, हे १९२० च्या दशकातील सरकारी पाहण्यांत नोंदलेले आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, तो देशातला असा पहिला. ज्या घरात आईला काम सोडता येत नाही तिथे मूल कोणाच्या तरी गळ्यात पडतेच. ते माणूस घरात नसले तर गोळी, असले तर थोरली मुलगी.

ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव घेतले पाहिजे. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजच्या पालघर जिल्ह्यातील हा वारली आदिवासींचा मुलूख. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द या कामाशी जोडलेला आहे. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती 'विकासवाडी'. मोठी मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या कडेवरच होते; ती धाकट्या भावंडांना सांभाळत होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरलीने धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात द्यावे आणि स्वतः वर्गात बसावे. 'भावंडाला घरी ठेवून ये' असे सांगणाऱ्या शाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. 'भावंडाला घेऊन ये' म्हणणारी शाळा इथे होती.

हे वाचले त्या दिवशी मी अक्काला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "आपल्याकडं नव्हती व्हय तशी?"

आज काय आहे?

कोसबाडचा विचार पुढे किती गेला? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि अंगणवाडी वस्त्यावस्त्यांत पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण, ही कामे तिने केली व करीत आहे. पण अंगणवाडी काही तासच भरते, आणि तीन वर्षांखालील मुलाला तिथून आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. आईच्या कामाचे तास आणि अंगणवाडीचे तास जुळत नाहीत. ती चालवणाऱ्या सेविका व मदतनीस यांना पगार नव्हे, मानधन मिळते. मूल सांभाळणे हे काम नसून बाईचा स्वभावच आहे, ही समजूत सरकारी कागदातही अशी शिरलेली आहे.

काही चांगले प्रयोग झाले आहेत. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजूर बायांची मुले वाळूच्या ढिगाजवळ पडलेली पाहून तिथेच पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिचे काम मुंबई-पुण्यापर्यंत आले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. 'सांभाळणे म्हणजे मजुरीचे काम' असे कायद्याने म्हटल्याचे मला आढळलेले हे एक स्पष्ट उदाहरण. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरले आहे. ते सर्वत्र झाले तर विकासवाडीचा अर्धा विचार तरी खरा होईल.

पुन्हा आमचे घर

हा सर्व अभ्यास मी करीत होतो तेव्हाच प्रश्न पुन्हा आमच्या दारात आला. अक्काला आता दीड वर्षाची मुलगी आहे. तिला गणवेश शिवण्याच्या एका लहान कारखान्यात काम मिळाले. दहा ते सहा. तिथे तीस-पस्तीस बाया, म्हणजे पन्नासाच्या आत. जवळच्या खाजगी पाळणाघरात चौकशी केली तर तिच्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग तिथेच जात होता. तेव्हा तिची जाऊ सहज म्हणाली, "आमची पोरगी आहे की घरात, ती बघंल." ती मुलगी दहा वर्षांची, चौथीत आहे.

जावेचा हेतू चांगला होता. पण अक्काने साफ नकार दिला. म्हणाली, "काम नाही मिळालं तरी चालंल. ती शाळेला जाईल."

मग असे ठरले, की अक्काने कामावर जाताना मुलीला आमच्याकडे सोडावे. आपले महाविद्यालय सकाळचे. मी घरी येईपर्यंत आईने बघावे आणि दुपारी साडेबारापासून सहापर्यंत मी. याला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी जे शिकलो ते कोणत्याही अहवालात वाचले नव्हते. दीड वर्षाच्या मुलाजवळ बसून तीन पानेही सलग वाचता येत नाहीत. बोल्बी यांच्यावरचे प्रकरण मी सात बैठकांत संपवले आणि त्याचे एक पान भाचीने फाडले. ग्रंथपालांनी दंड घेतला नाही याबद्दल त्यांचे आभार. दुपारचे ग्रंथालय बंद झाले, मित्र बंद झाले. आणखी एक गोष्ट. मी भाचीला कडेवर घेऊन दुकानात गेलो की शेजारच्या बाया म्हणतात, "बघा, पोरगा असून किती करतो!" अक्काने माझ्यासाठी तीन वर्षे केले, तिला असे म्हटल्याचे कोणाला आठवत नाही.

२०१९ साली आपल्या देशात पहिल्यांदा वेळेच्या वापराची राष्ट्रीय पाहणी झाली. घरातील माणसांची काळजी घेण्याचे बिनमोल काम जे करतात त्यांच्यात स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे, असे तिच्यात दिसले. आधीच्या सतरा-अठरा वर्षांतली माझी सरासरी शून्य होती. माझी सत्र परीक्षा जवळ आली आहे. तेव्हा काय करावयाचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो सुटलेला नाही हे लिहिणे मला भाग आहे, कारण माझी सोय म्हणजे उत्तर नव्हे. एका विद्यार्थ्याची दुपार वापरून निभावलेली ती अडचण आहे.

समारोप

तेव्हा घर चांगले की पाळणाघर? माझ्या अल्प अभ्यासाप्रमाणे, आईला किंवा बापाला मुलाकडे खरोखर लक्ष देता येईल इतकी भरपगारी रजा मिळत असेल तर पहिल्या वर्षी घर चांगले. पाळणाघरात मुले थोडी, बाई मायाळू आणि तिला पुरता पगार असेल तर पाळणाघरही चांगले. पण यांपैकी काहीच नसेल तर तिथे निवड अशी नसतेच. तिथे एक मुलगी शाळा सोडते. म्हणून कोणतीही व्यवस्था सुचवताना आधी विचारावे, की तिची किंमत कोण देणार आहे आणि त्याला ते विचारले आहे काय?

आपल्या महाविद्यालयापुरती एक विनंती करून थांबतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक मैत्रीण बाळंतपणानंतर परत आलीच नाही. तिची हजेरी भरली नाही, एवढेच आम्हांला कळले. आपल्या इमारतीत एक खोली, दोन सतरंज्या, एक पाळणा आणि योग्य पगारावर नेमलेली एक बाई, एवढी सोय झाली तर विद्यार्थिनी, शिपाई-सफाईच्या कामावरील भगिनी आणि प्राध्यापिका या सर्वांनाच ती उपयोगी पडेल. प्राचार्यांनी व विद्यार्थी परिषदेने याचा विचार करावा. पुढच्या वर्षी वादविवादाचा विषय ठेवताना 'श्रेयस्कर काय' याऐवजी 'लहान मूल सांभाळण्याचा भार कोणी उचलावा' असा ठेवावा, हीदेखील विनंती आहे. मी त्यात पुन्हा भाग घेईन.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी अक्काला वाचून दाखवला. तिने काहीही गाळायला सांगितले नाही. एकच म्हणाली, "शाळा सुटली ते लिहिलंस. तिसरीत माझा दुसरा नंबर आला होता, ते पण लिही." तसे इथे लिहिले आहे.